पुण्या-मुंबईजवळ तारे बघायची जागा शोधताय? या चुका टाळा

शहरापासून शंभर किलोमीटर लांब गेलं की काळंभोर आकाश मिळतं, असं गृहीत धरून बरेच जण गाडी काढतात. तिथे पोचल्यावर डोक्यावर तारे बरे दिसतात, पण ज्यासाठी गेलो ते नेमकं पिवळट उजेडात बुडालेलं असतं. अंतर हवंच, पण त्याआधी बघायची ती दिशा.

आपण १८-१९ अक्षांशांवर राहतो, म्हणून ध्रुवतारा आपल्याकडे उत्तरेला क्षितिजापासून तेवढाच, १८-१९ अंशांवर दिसतो. याचा फायदा असा की दक्षिणेचं बरंच आकाश आपल्याला मिळतं. अगस्त्य तारा, त्रिशंकू (क्रुसासारखा दिसणारा तारकासमूह), मित्र-मित्रक ही ठळक ताऱ्यांची जोडी, वृश्चिकाची नांगी आणि धनू राशीकडचा आकाशगंगेचा गाभा हे सगळं दक्षिणेला. दिल्लीकरांना त्रिशंकू धड दिसतही नाही. आपल्याला दिसतो, पण जेमतेम ११-१२ अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश भरते. म्हणजे दक्षिणेला दोन मुठी उंचीपर्यंत शहराचा उजेड चढलेला असेल, तर त्रिशंकू आणि मित्र गेलेच म्हणून समजा.

म्हणून जागा अशी निवडा की शहर तुमच्या उत्तरेला राहील. पुणेकरांनी वेल्हे, भोर, नीरा-देवघरच्या पाणलोटाकडे गेलेलं बरं. पुणं मागे ईशान्येला राहतं आणि समोर सह्याद्री नि त्यापलीकडे कोकण. जुन्नर-नारायणगावकडे गेलात तर अंतर चांगलं पडतं, पण चाकण आणि पुणं बरोबर दक्षिणेला येतात. तिथे डोक्यावरचं आणि उत्तरेचं आकाश बघा, त्रिशंकूची अपेक्षा ठेवू नका. मुंबईकरांना काशीद-मुरूडचा किनारा याच हिशोबाने सोयीचा, मुंबई उत्तरेला आणि पश्चिमेला मोकळा समुद्र. फक्त किनाऱ्यावरच्या स्टॉलांचे दिवे टाळून बसा. वांगणी ही मुंबईच्या आकाशप्रेमींची जुनी, लोकलने पोचता येणारी जागा. पण कल्याण-उल्हासनगर-बदलापूर वायव्येला आणि नवी मुंबई पश्चिमेला, म्हणून मावळतीच्या ताऱ्यांवर वेळ घालवण्यापेक्षा पूर्वेचं आणि माथ्यावरचं बघावं.

उंच जागा म्हणजे चांगली जागा, हा गैरसमज

सिंहगडावरून रात्री अख्खं पुणं दिसतं. हीच तिथली अडचण. जो दिवा तुम्हाला दिसतो, तो थेट तुमच्या डोळ्यांत येतो. मोठ्या वेधशाळा डोंगरावर असतात हे खरं, पण त्या शहरापासून लांबचा डोंगर निवडतात. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीला, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, ती उगाच नाही. शहराजवळ राहायचं असेल तर डोंगराच्या माथ्यापेक्षा डोंगराआडची जागा बरी. मध्ये एक धार आली की थेट दिवे अडतात. मात्र ती धार दक्षिणेला नको, नाहीतर दिव्यांबरोबर अगस्त्यही अडेल. हिवाळ्यात दरीत पहाटे धुकं साठतं, तेव्हा अशा जागेचा उपयोग मध्यरात्रीपर्यंतच.

लोणावळा, महाबळेश्वर यांच्याबद्दल थोडक्यात: हवा थंड असते, आकाश अंधारं असेलच असं नाही. आणि पवनेच्या काठच्या तंबूंत जायचं असेल तर बुकिंगआधी एकच प्रश्न विचारा, रात्री दहानंतर झालर-दिवे आणि स्पीकर बंद होतात का? उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून घ्या.

नकाशावर डोळे झाकून विश्वास

प्रकाशप्रदूषणाचे ऑनलाइन नकाशे उपग्रहाच्या नोंदींवरून बनतात. ते सुरुवातीला कामाचे आहेत, पण दोन गोष्टी त्यांत सापडत नाहीत. एक, त्यासाठी वापरला जाणारा उपग्रहाचा संवेदक निळा प्रकाश जवळजवळ टिपत नाही. पांढऱ्या एलईडीत निळा भाग बराच असतो आणि हवेत तोच जास्त विखुरतो. जुने पिवळे सोडियमचे दिवे जाऊन एलईडी लागले की नकाशा म्हणतो उजेड कमी झाला, डोळ्यांना उलटंच दिसतं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकाशाची चकाकी २०११ ते २०२२ या काळात वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. उपग्रहांच्या आकड्यांपेक्षा ही वाढ कितीतरी जास्त.

दुसरी गोष्ट साधी आहे. देवळासमोर ग्रामपंचायतीने मागच्या महिन्यात उभा केलेला हायमास्ट नकाशाला माहीत नसतो. शेवंतीच्या शेतात रात्रभर लावलेले बल्बही नसतात. (शेवंती लवकर फुलू नये म्हणून काही शेतकरी ती उजेडात ठेवतात. लांबून दिसतं छान, पण आपल्या कामाचं नाही.) म्हणून एकदा दिवसा जाऊन या. खांब कुठे आहेत बघा आणि टपरीवर चहा घेताना विचारा, रात्री दिवे कुठे लागतात, लोडशेडिंग कधी असतं. ही माहिती कुठल्याही ॲपपेक्षा पक्की.

फक्त अमावास्या धरून बसणं

घरच्या कॅलेंडरवर संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो, साधारण नऊच्या आसपास. त्यानंतर चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. संध्याकाळचं आकाश बघायचं तर कृष्ण अष्टमीपासून शुक्ल चतुर्थीपर्यंतचे दिवस चांगले. पण एप्रिल-मेमध्ये आकाशगंगेचा गाभा मध्यरात्रीनंतर वर येतो. त्यासाठी शुक्ल सप्तमीही चालते, कारण तोवर चंद्र मावळलेला असतो. कृष्ण अष्टमी मात्र नको. एवढा हिशोब केला की महिन्यात एकाऐवजी दोन-तीन शनिवार हाती लागतात.

उल्कावर्षावाचंही तेच. ऑगस्टच्या ययाती (पर्सीड) उल्कावर्षावाच्या बातम्या दरवर्षी येतात आणि आपल्याकडे तेव्हा पाऊस. १३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन उल्कावर्षाव आपल्यासाठी खरा.

पोचलो, तरी काही दिसत नाही

आधी वीस-तीस मिनिटं थांबा, डोळ्यांना तेवढा वेळ लागतो. मधेच कुणी मोबाइल उघडला किंवा गाडीचा दरवाजा उघडून आतला दिवा लागला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटिन पेपरचे दोन-तीन थर लावा, आणि गाडीतला दिवा घरून निघतानाच बंद करा.

मग जागेची परीक्षा घ्या. परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत ध्रुवमत्स्याचे (ध्रुवतारा ज्यात आहे त्या तारकासमूहाचे) तारे मोजायला सांगतात. ते आपल्याकडे नको, तो पुंजका इथे उत्तर क्षितिजाजवळच्या धुरळ्यात असतो, त्यावरून उगाच जागा नापास होईल. आपल्यासाठी पुष्य नक्षत्र उत्तम. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री साडेदहाच्या सुमारास ते पुण्या-मुंबईच्या जवळजवळ थेट डोक्यावर येतं. पुनर्वसूचे दोन ठळक तारे आणि सिंहेतला मघा यांच्या मधे बघा. तिथे पांढुरका धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसला तर जागा चांगली. दुर्बिणीतूनच दिसला तर मध्यम. दुर्बिणीतूनही फिकाच वाटला तर पुढच्या वेळी दुसरीकडे जा, किंवा त्या रात्री हवेत धूळ जास्त होती का ते तपासा.

आणि आकाशगंगा फोटोतल्यासारखी निळी-जांभळी दिसणार नाही. कॅमेरा पंधरा-वीस सेकंद उजेड साठवतो, डोळा नाही. आपल्याला दिसतो तो राखाडी पट्टा.

परवानगी आणि जनावरं

वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायला परवानगी लागते, बऱ्याच किल्ल्यांवर मुक्कामाला बंदी आहे. खाजगी शेतात मालकाला विचारा आणि गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवा. रात्री दोन वाजता लाल दिवे घेऊन बसलेली अनोळखी माणसं बघून गाव जागं होतं, यात गावाची चूक नाही. जुन्नर भागात उसाच्या फडाला लागून बसू नका, तो बिबट्यांचा मुलूख आहे. कोकणात सतरंजी टाकण्याआधी जमीन टॉर्चने नीट बघा, फुरसं चटकन दिसत नाही.

जाणं जमलंच नाही तर सोसायटीची गच्ची आहे. रस्त्यावरचा दिवा टाकीच्या आड येईल अशा बाजूला बसा. गुरूचे चार मोठे चंद्र १०×५० च्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगांच्या) द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, शहरातूनही दिसतात, फक्त कोपर कठड्यावर टेकवा, नाहीतर हात हलतो आणि चंद्र ठिपक्यांऐवजी रेघा होतात.