विंडोज नव्या, मोठ्या एसएसडीवर हलवताना

जुन्या हार्ड डिस्कवरचे विंडोज, त्यातली सगळी सॉफ्टवेअर, पासवर्ड, प्रिंटरच्या सेटिंगसकट नव्या ड्राइव्हवर (इथे एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान ड्राइव्ह) जसेच्या तसे नेता येते. यालाच क्लोन मारणे म्हणतात. कॉपी होण्याचे काम सॉफ्टवेअर स्वतःच करते, आपण बघत बसायचे. घोळ होतो तो त्याच्या आधी किंवा नंतर: एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद ठेवणे) चालू राहते, वाढलेली जागा सी ड्राइव्हला मिळत नाही, नाहीतर दोन्ही ड्राइव्ह जोडून मशीन सुरू केले जाते.

विंडोज आधीच रडतखडत चालत असेल तर क्लोनबरोबर तो आजारही नव्या ड्राइव्हवर जातो. अशा वेळी कोरे इन्स्टॉलेशन बरे. पण दुकानाचे किंवा सीएच्या ऑफिसचे मशीन असेल, त्यात टॅली, जुना प्रिंटर आणि कुणीतरी सात वर्षांपूर्वी बसवलेले बिलिंगचे सॉफ्टवेअर असेल, तर क्लोनच करा. ते बिलिंग पुन्हा बसवून देणारा माणूस आता सापडेलच असे नाही.

खरेदी

आधी लॅपटॉपमध्ये काय बसते ते पाहा. जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा (ड्राइव्ह जोडण्याची जुनी पद्धत) ड्राइव्ह असते. तिची जाडी ७ मिमी किंवा ९.५ मिमी. एसएसडी बहुतेक ७ मिमीच्या असतात, त्यामुळे जाड खाचेत त्या हलतात आणि प्लास्टिकची चौकट लावावी लागते. नव्या लॅपटॉपमध्ये एम.२ असते, म्हणजे च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी, बहुधा २२८० मापाची: २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई (जोडणीची नवी, वेगवान पद्धत) असे दोन प्रकार असतात, आणि दिसायला दोन्ही सारख्याच. जोडणीच्या सोनेरी दातांत दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. खात्री मात्र मॉडेल नंबरवरूनच करा. साटाच्याच स्लॉटमध्ये एनव्हीएमई बसली तरी चालत नाही, आणि दुकानदार उघडलेले पाकीट परत घेताना कुरकुर करतो.

लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला उतरून चालत जाता येते. रविवारी बरीच दुकाने बंद असतात. तिथे ‘बिलासह’ आणि ‘बिलाविना’ असे दोन भाव ऐकू येतील. एसएसडी बिलानेच घ्या आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. घरी आल्यावर कंपनीच्या वेबसाइटवर तो नंबर टाकून वॉरंटी किती उरली आहे ते तपासा. क्षमता खोटी असल्याची शंका आली तर क्लोनच्या आधीच, कोरी असताना, एच२टेस्टडब्ल्यू या क्षमता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून तपासा.

बरोबर एक केसिंगही घ्या, म्हणजे नवी ड्राइव्ह यूएसबीने बाहेरून जोडण्याची डबी. २.५ इंची साटासाठी साधे यूएसबी केसिंग चालते, एनव्हीएमईला एनव्हीएमईचेच लागते. ते यूएसबी ३ चे असावे आणि लॅपटॉपच्याही यूएसबी ३ पोर्टलाच लावावे. ३०० जीबी डेटा जुन्या हार्ड डिस्कवरून सेकंदाला ८० एमबीच्या सरासरीने साधारण तासाभरात उतरतो. यूएसबी २ वर वेग ३५ एमबीच्या आसपास अडकतो आणि तेच काम अडीच तासांकडे जाते. डेस्कटॉपला केसिंग लागत नाही, एक साटा केबल आणि पॉवरची मोकळी पिन पुरते.

आणि १ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. दुकानदाराने फसवलेले नाही: कंपनी दशमानात मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

आधीची तयारी

महत्त्वाच्या फायलींचा वेगळा बॅकअप तिसऱ्याच ठिकाणी घ्या. क्लोन हा बॅकअप नव्हे. सोर्स आणि टार्गेट उलटे निवडले गेले तर कोरी ड्राइव्ह भरलेल्या ड्राइव्हवर उतरते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ आणि ‘रीअॅलोकेटेड सेक्टर्स काउंट’ या दोन ओळींत कच्चा आकडा शून्य नसेल तर डिस्क खराब व्हायला लागली आहे. पेंडिंग सेक्टर असतील तर क्लोन मध्येच थांबतो किंवा एकाच टक्क्यावर तासन् तास अडतो. अशा डिस्कवर चेकडिस्क चालवत बसू नका, त्याने डिस्कवर आणखी ताण येतो. आधी फायली काढा, मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून मशीन थेट सुरू होते) डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर वापरा. ते खराब जागा बाजूला ठेवून बाकीचे आधी उतरवते आणि त्या जागांकडे नंतर वळते.

एन्क्रिप्शन बंद करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असते. होम आवृत्तीतही ते चालू असू शकते, आणि वापरणाऱ्याला बहुधा माहीत नसते. रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून कागदावर लिहा. मग एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा, हार्ड डिस्कवर याला काही तास लागतात. क्लोननंतर नव्या ड्राइव्हवर परत चालू करता येते.

कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढा. ती असेल तर शटडाउन म्हणजे अर्धे हायबरनेशनच असते. बाहेरच्या सॉफ्टवेअरला विंडोजची ड्राइव्ह अर्धवट उघडी दिसते आणि क्लोनझिला (क्लोनचे मोफत सॉफ्टवेअर, पुढे येते) नकार देते. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना हार्डवेअरला बांधलेला असतो, तो आधी सरेंडर करा आणि नंतर पुन्हा सुरू करा. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, ड्राइव्ह बदलल्याने तो सहसा हलत नाही.

क्लोन

एसएसडीच्या कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर असेल तर तेच सर्वांत सोपे. सॅमसंगचे डेटा मायग्रेशन आहे, ते फक्त सॅमसंगच्या एसएसडीवर उतरवते. डब्ल्यूडी आणि क्रूशियल आपापल्या ड्राइव्हसाठी अॅक्रोनिस या क्लोनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती देतात. ही सॉफ्टवेअर विंडोज चालू असतानाच काम करतात आणि बऱ्याचदा जागाही आपोआप वाढवतात. मॅक्रियम रिफ्लेक्ट या क्लोनच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती सुचवणारे लेख अजून सापडतात, पण ती कंपनीने बंद केली आहे.

कंपनीचे काही नसेल तर क्लोनझिला. रुफस या छोट्या सॉफ्टवेअरने ते पेनड्राइव्हवर उतरवा, त्यावरून बूट करा (म्हणजे मशीन सुरू करा) आणि ‘डिव्हाइस-डिव्हाइस’, मग बिगिनर मोड, मग ‘डिस्क टू लोकल डिस्क’ असे निवडा. इथे ड्राइव्हची नावे एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई० अशी दिसतात. कुठली कोणती ते नावावरून ठरवू नका, शेजारी लिहिलेले मॉडेल आणि आकार जुळवा. दोन्ही ड्राइव्ह एकाच कंपनीच्या आणि सारख्या मापाच्या असतील तर सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा. क्लोनझिला दोनदा ‘वाय’ टाइप करायला लावते. दुसऱ्यांदा टाइप करण्याआधी वरची ओळ मोठ्याने वाचा.

लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. डेस्कटॉप असेल आणि पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल तर यूपीएसशिवाय हे काम सुरूच करू नका.

वाढलेली जागा

इथे सगळ्यांत जास्त लोक अडकतात. डिस्क मॅनेजमेंट उघडले की नवी ड्राइव्ह साधारण अशी दिसते: डावीकडे १०० एमबीचे ईएफआय पार्टिशन (ड्राइव्हचा वेगळा कप्पा, यावरून बूट होते), मग मोठी सी, मग ५०० एमबी ते १ जीबीचे रिकव्हरी पार्टिशन, आणि अगदी उजवीकडे काळ्या पट्टीची ‘अनअॅलोकेटेड’ जागा. सी वर राइट क्लिक केले की ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसते. कारण साधे आहे: विंडोज सी ला फक्त लगतच्या उजव्या मोकळ्या जागेत वाढवते, आणि मध्ये रिकव्हरी भिंतीसारखी उभी असते.

उपाय जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर आहे. त्यात रिकव्हरी पार्टिशन निवडून शेवटच्या टोकाला ढकला. जीपीटीची (पार्टिशनांच्या यादीची) प्रत डिस्कच्या टोकाशी नाही असा इशारा आला तर ‘फिक्स’ दाबा. मग विंडोजमध्ये परत या, आता सी च्या शेजारी मोकळी जागा आहे आणि एक्स्टेंड चालते. शेवटी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये रीएजंटसी ही कमांड (आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी) आधी डिसेबल, मग एनेबल करून चालवा, म्हणजे विंडोजला रिकव्हरीचा नवा पत्ता कळतो. रिकव्हरी सरळ उडवून टाकायला सांगणारेही भेटतील. मशीन चालते, पण पुढे बूट बिघडले की दुरुस्तीसाठी पेनड्राइव्ह शोधत फिरावे लागते.

जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची (पार्टिशनांची यादी ठेवण्याची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी) असेल तर २ टीबीपलीकडची जागा सी ला मिळतच नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरचे जीपीटी करणारे एमबीआर२जीपीटी हे साधन विंडोजमध्येच आहे. त्याने बदल केल्यावर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) लेगसी या जुन्या बूट पद्धतीऐवजी यूईएफआय ही नवी निवडावी लागते, नाहीतर ड्राइव्ह बूट होत नाही.

बसवणे आणि पहिले बूट

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, शक्य असेल तर बॅटरीची पिनही काढा. मागच्या झाकणाचे स्क्रू सगळे एकाच लांबीचे नसतात. झाकणाच्या आकाराचा कागद घेऊन त्यावर ज्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या जागी आवळला तर तो वरच्या कव्हरला फोड आणतो. एम.२ ड्राइव्ह तिरकी सरकवून आत ढकला. सोन्याचे दात जवळजवळ दिसेनासे झाले की खाली दाबून इवलासा स्क्रू लावा. तो एम२ मापाचा असतो आणि हरवला तर रिपेअरवाल्यांकडे सुटा मिळतो.

पहिल्या बूटला फक्त नवी ड्राइव्ह जोडलेली असावी. दोन्ही जोडल्या तर त्यांच्यावरची ओळख सारखी असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन करते. नाहीतर मशीन जुन्याच ड्राइव्हवरून सुरू होते आणि आपण ‘फरक काहीच पडला नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो.

निळा पडदा आणि ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आला तर घाबरू नका. साटावरून एनव्हीएमईवर जाताना हे होते, कारण त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर बूटच्या वेळी चढत नाही. दोन-तीनदा बूट फसले की विंडोज दुरुस्तीचा पडदा आणते. तिथून ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन सेफ मोडमध्ये एकदा चालू करा आणि मग नेहमीसारखे रीस्टार्ट करा. सेफ मोड कधीकधी पिन घेत नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आठवत असावा. तरीही जमले नाही तर बायोसमध्ये स्टोरेज मोड जुन्या वेळी होता तोच आहे ना, एएचसीआय की रेड किंवा व्हीएमडी, ते बघा. ड्राइव्हच सापडत नसेल तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये जाऊन स्टार्टअप रिपेअर चालवा.

चालू झाले की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये सी समोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ दिसते का पाहा. ‘हार्ड डिस्क’ दिसली तर विंडोज ट्रिमऐवजी (एसएसडीला मोकळ्या जागा कळवणे) डीफ्रॅग (फायलींचे तुकडे एकत्र आणणे) करेल आणि एसएसडीची विनाकारण झीज होईल.

जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारू नका. महिनाभर नवीवर रोजचे काम होऊ द्या, महिनाअखेरची बिले आणि जीएसटीचे रिटर्न होऊन जाऊ द्या. मग ती पूर्ण फॉरमॅट करा, क्विक फॉरमॅट नव्हे. क्विकमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते आणि भंगारात गेलेल्या डिस्कवरून आधार कार्डांचे स्कॅन साध्या सॉफ्टवेअरने परत निघतात. पूर्ण फॉरमॅट शून्ये लिहिते, त्याला १ टीबीच्या हार्ड डिस्कवर दोन-तीन तास सहज लागतात. ती फिरतच नसेल तर झाकण उघडून तबकड्यांवर ड्रिल मारा आणि मगच ई-कचऱ्यात द्या.