मधुमेह आणि दमा एकत्र असताना आहारातील फ्लेव्होनॉइड कसे वापरावेत

दम्यात बहुधा इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ या संदेशद्रव्यांमुळे श्वासनलिकांना सूज येते, तर टाइप २ मधुमेहात शरीरभर मंद दाह चालू राहतो. कांद्यातील क्वेर्सेटिनसारखी फ्लेव्होनॉइड, म्हणजे वनस्पतींत आढळणारी नैसर्गिक द्रव्ये, प्रयोगशाळेत मास्ट पेशींतून (अॅलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींतून) हिस्टामिन हे अॅलर्जीचा त्रास घडवणारे द्रव्य बाहेर पडणे कमी करतात. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, ३८६ दमा रुग्णांच्या चाचणीत सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन हा फ्लेव्होनॉइडचाच एक प्रकार २४ आठवडे देऊनही फुप्फुसांची क्षमता सुधारली नाही. म्हणून ही द्रव्ये औषध म्हणून नव्हे, तर रोजच्या जेवणाचा भाग म्हणूनच घ्यावीत.

सर्वप्रथम इन्हेलर आणि मधुमेहाची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवावीत. दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, तर साखर विशेषतः दुपारनंतर वाढते, त्यामुळे त्या दिवसांत ती अधिक वेळा तपासावी. अन्यथा वाढीचा दोष नव्या आहाराकडे जातो.

त्यानंतर ताटाकडे वळावे. कांद्याच्या बाहेरच्या पापुद्र्यांत क्वेर्सेटिन सर्वाधिक असल्याने वाळलेली साल तेवढी काढावी, रसदार पापुद्रे टाकू नयेत. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन आणि केम्फेरॉल ही दोन्ही फ्लेव्होनॉइड असतात. मात्र पाला भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिल्यास त्यांतील बराच अंश वाया जातो, म्हणून भाजी थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी किंवा उरलेले पाणी आमटीत घालावे. मिरचीच्या फोडणीचा ठसका हा दमेकऱ्याला खरोखर त्रासदायक असतो. पौष्टिक भाजी करताना धाप लागली तर साऱ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. तेल धुरावू देऊ नये आणि खिडकी उघडी ठेवावी.

फळांचा रस काढू नये. संत्र्यातील हेस्पेरिडिन हे फ्लेव्होनॉइड सालीखालच्या पांढऱ्या भागात जास्त असते, तेव्हा तो फार सोलून काढू नये. पेरू व हंगामातील जांभळे मोजकी आणि अख्खी खावीत. चहा बिनसाखरेचा घ्यावा. सल्फाइट घातलेला सुका मेवा काहींचा दमा वाढवतो, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत.

क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल स्वतःहून सुरू करू नयेत, विशेषतः वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर पेरू खात बसू नये. लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे.