लाँग रनला एनर्जी जेल नसली तरी चालतंय
सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करताय ना, मग एक सांगतो, पहिला तास बरा जातो पण यवतेश्वरचा घाट चढताना पाय अचानक जड होतात ते दरवेळी स्टॅमिना कमी म्हणून नसतं, बऱ्याचदा पोटात इंधनच नसतं. तासाच्या वर पळायचं असेल तर दर तासाला साधारण 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स (कर्बोदकं) पोटात जायला हवेत, आणि भूक लागायची वाट बघायची नाही, चाळीसाव्या मिनिटापासूनच थोडं थोडं सुरू करायचं. महागडी जेल (पळताना चोखायची ती गोड पाकिटं) पाहिजेच असं काही नाही, एका केळ्यात 25 एक ग्रॅम मिळतात, बिया काढलेला साधा खजूर खिशात टाकला तर एकात 5-6 ग्रॅम. मी तर घरीच अर्धा लिटर पाण्यात 30 ग्रॅम साखर, चिमूटभर जास्तच मीठ आणि लिंबू पिळून नेतो, झालं ड्रिंक. फक्त रेसच्या दिवशी नवीन काही ट्राय करू नका, आधी रविवारच्या लाँग रनला पोटाला सवय लावा. आणि आदल्या रात्री मिसळ नको प्लीज, भात-वरण खा साधं, मिसळ रेस झाल्यावर हाणा.