बाळंतिणीसाठी मोरी आणताय? जरा थांबा

कराडच्या बाजारात चिपळूणहून कुंभार्ली घाटानं मासे येतात, परवा आमच्या वहिनीसाठी आत्यानं मोरी आणली, दूध वाढतं म्हणून. चांगल्या मनानंच आणली पण मोरी म्हणजे शार्कच ना, ती पिल्लू असली तरी शिकारी जात, आणि लहान मासा मोठ्यानं खाल्ला की त्याच्यातला पारा मोठ्याच्या अंगात साठत जातो. तो मांसात मुरलेला असतो, म्हणून कितीही धुवा, हळद-मीठ लावा, कडक तळा, जात नाही. माणसाच्या अंगातूनसुद्धा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने लागतात आणि सगळ्यात जास्त धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला. जपानात मिनामाटाला १९५६ साली हेच उघडकीला आलं, कारखान्याचा पारा समुद्रात, तिथून माशात, माशातून माणसात.

म्हणून मासे सोडू नका हं, बाळासाठी ते चांगलेच. फक्त गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान पोरांना मोरी नको, मोठी सुरमई, कुपा कधीतरीच. तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी आणा, आठवड्यातून दोन-तीनदा बिनधास्त. नदीचा रोहू पण चालतो. आत्याला सांगितलं, आता ती तारलीच आणते.