विक्रीसाठी आणलेल्या मालाची कस्टम्स किंमत कशी काढायची

पहिल्यांदाच माल मागवणाऱ्याला एक धास्ती असते: शंभराला आणलेली कुंडी इथे अडीचशेला विकणार, मग ड्युटी अडीचशेवर लागेल का? सहसा नाही. सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 14 नुसार धरतात ती किंमत तुम्ही परदेशी विक्रेत्याला मालापोटी दिलेली किंवा देणं लागता ती. चूक होते ती त्यात काय मिळवायचं यावर.

समजा, चीनमधून न्हावा शेवाला प्लास्टिकच्या कुंड्या येताहेत. एफओबी (म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत, पुढचं भाडं-विमा वगळून) इन्व्हॉइस 8,000 डॉलरचं. हिशेब इन्व्हॉइसवरून सुरू करू नका. या मालासाठी बँकेतून बाहेर गेलेल्या प्रत्येक टीटीची (परदेशी पैसे पाठवल्याच्या व्यवहाराची) प्रत आधी समोर ठेवा. त्यात साचा बनवणाऱ्या दुसऱ्या कारखान्याला गेलेले 1,600 डॉलर दिसतील. साचा तुमच्या पैशांतून झाला, कारखान्याला फुकट वापरायला मिळाला, म्हणून कुंडी स्वस्त पडली. हे 1,600 किमतीत मिळवावेच लागतात. पुढच्या खेपांनाही तोच साचा वापरणार असाल तर खर्च विभागता येतो, पण कोणत्या खेपेला किती हे कागदावर हवं.

पॅकिंगचा वेगळा खर्च, मालाशी निगडित आणि खरेदीची अट म्हणून द्यावी लागणारी रॉयल्टी, विक्रेत्याच्या दलालाचं कमिशन हेही मिळवा. तुमच्या बाजूने खरेदी करून देणाऱ्या एजंटाचं कमिशन मात्र नाही. इथल्या विक्रीतला वाटा विक्रेत्याला द्यायचं ठरलं असेल तर तोही धरतात. पुनर्विक्री करणाऱ्यांनी करारातलं हे कलम नीट वाचावं, अनेकांच्या नजरेतून तेच निसटतं.

मग भाडं आणि विमा, बंदरापर्यंतचा. भाड्याचा आकडा कळत नसेल तर एफओबीच्या 20 टक्के, विम्याचा नसेल तर 1.125 टक्के धरतात. म्हणून खऱ्या पावत्या आणा, बहुधा स्वस्त पडतं. न्हावा शेवा ते भिवंडीच्या गोदामाचा ट्रक यात येत नाही.

आपल्या कुंड्यांचं भाडं 900, विमा 40. एकूण 10,540 डॉलर. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं घोषणापत्र) दाखल होते त्या दिवशी लागू असलेला, सीमाशुल्क मंडळाने जाहीर केलेला डॉलरचा दर घ्यायचा, तुमच्या बँकेचा नव्हे. 85 रुपये धरला तर किंमत 8,95,900 रुपये. मूळ सीमाशुल्क 10 टक्के मानलं तर 89,590, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 8,959. आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) किंमत, शुल्क आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर लागतो.

विक्रेता तुमचीच भगिनी कंपनी असेल, तर नात्यामुळे भाव पडला नाही हे दाखवावं लागतं. किमतीवर रास्त शंका आली तर अधिकारी कागद मागतात. समाधान झालं नाही, तर 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांनुसार आधी तंतोतंत तशाच, मग मिळत्याजुळत्या मालाचे भाव पाहतात. तेही नसले तर इथला विक्रीभाव पुढे येतो: त्याच सुमारास संबंध नसलेल्या गिऱ्हाइकांना सर्वाधिक नग ज्या भावाने गेले तो, त्यातून नेहमीचा नफा आणि खर्च, इथली वाहतूक, ड्युटी आणि कर वजा करून. म्हणून पहिल्या विक्रीपासूनची बिलं खेपेनुसार वेगळी लावून ठेवा.