चेनला तेल आतल्या बाजूनं द्या

मोटरसायकलच्या चेनवर वरून तेल ओतलं की ती चकचकीत दिसते, एवढंच. झीज होते ती रोलर आणि पिनच्या मधल्या फटीत. म्हणून तेल चेनच्या खालच्या पट्टीवर, स्प्रॉकेटला (चेन जिच्यावर फिरते त्या दातेरी चकतीला) टेकणाऱ्या आतल्या अंगानं सोडा. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या बाजूला पसरतं.

गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसणारे पुष्कळ दिसतात. फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की मागोमाग बोटंही जातात; एवढी कसली घाई असते कोण जाणे.

तेलाआधी रॉकेल आणि मऊ ब्रशनं काळा चिकटा काढून चेन कोरडी पुसा. ओ-रिंगवाल्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश नको, रबरी कड्या खराब होतात. गाडी नुकतीच फिरवून आणलेली, चेन कोमट असेल तर उत्तम: तेल आत छान झिरपतं. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर धूळ बसते. टायरवर थेंब पडला असेल तर तोही लगेच पुसा.

जाता जाता ढिलाई बघा. खालच्या पट्टीच्या मधोमध चेन बोटानं वर-खाली करा; बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर हालचाल चालते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. चाक फिरवत जिथे चेन सर्वांत ताठ लागते, तिथे मोजा.