पुळणीवर झाडं लावताय? या चुका टाळा

घरासमोरची नाहीतर होमस्टेसमोरची पुळण दर पावसाळ्यात खचते, म्हणून तिथे काहीतरी लावावं असं कोकणात बऱ्याच जणांच्या मनात असतं. विचार चांगला आहे. पण बागेतल्या सवयी वाळूवर चालत नाहीत. तिथली बरीच झाडं अति काळजीने मरतात.

वेल वाळूखाली गेली की लोक फावडं घेऊन वाळू उपसायला लागतात. नको! मर्यादवेल ही पुळणीवर पसरणारी वेल आणि रावणाच्या मिशा हे काटेरी गवत, दोघांनाही वाळूत गाडलं जाणं मानवतं. गाडलेल्या पेऱ्यांना मुळं फुटतात, शेंडा वर सरकतो, त्याला आणखी वाळू अडते आणि वाळूची टेकडी उंच होत जाते. उपसलंत तर ती कोवळी मुळं उन्हात करपतात. काळजी करायची ती उलट झाल्यावर: पेरी उघडी पडून मुळं लोंबायला लागली, तर वाळू चालली आहे.

भर दुपारी मर्यादवेलीची आपट्यासारखी पानं मधल्या शिरेवर मिटतात, ती ऊन चुकवायला. लगेच पाइप लावू नका. नव्या कांड्यांना रुजेपर्यंत पाणी द्या, पुढे बंद करा, नाहीतर मुळं वरच्या वर राहतात. शेणखत आणि तांबडी माती तर नकोच, त्यावर तणच माजतं. समुद्राकडच्या पानांच्या कडा तपकिरी पडल्या असतील तर तो खाऱ्या तुषारांचा चटका. शेंडा हिरवा, टणक असेल तर वेलीला हात लावू नका.

रावणाच्या मिशांचे वाळके, काटेरी गोळे कचरा समजून जाळले जातात. ते मादी झाडाचे बियांचे गोळे; वाऱ्यावर गडगडत जाऊन बी पेरतात. नर झाडं वेगळी असतात, त्यामुळे कांड्या एकाच पट्ट्यातून आणल्या तर गोळे कधीच धरणार नाहीत असंही होतं.

पुढच्या रांगेत सुरूची झाडं लावण्याचा मोह आवरा. त्याच्या सावलीत आणि गळलेल्या काड्यांच्या थरात वेली तग धरत नाहीत, आणि लाटांनी पायथा खाल्ला की झाड मुळासकट आडवं होतं.

ऑगस्टमध्ये टेकडीची पुढची कड तुटली म्हणून दगड टाकायची घाईही नको. दगडांवरून परतणारी लाट समोरची वाळू आणखी ओढते. शिवाय वाळूच्या टेकड्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, १-अ वर्गात येतात, म्हणजे नियम सर्वांत कडक. ऑक्टोबरपासून वाळू परत येऊ लागते, मागे वेल शाबूत असेल तर तीही खाली उतरते.

लागवड पहिल्या पावसात, भरतीच्या सर्वांत वरच्या रेषेच्या मागे करा. हातभर कांडी, तीन-चार पेरी, निम्मी वाळूत. समुद्राकडे जायची वाट एकच आणि तिरकी ठेवा; सरळ वाटेतून वारा आत घुसतो आणि दोन्ही बाजूंची वाळू कोरतो.